डीडीटीवाले गुलाबराव

गुलाबराव डीडीटी चाखून दाखवत. हिवताप खात्यात ते फवारणीला होते आणि समुद्रपूरकडच्या आमच्या गावात माझ्या शेजारीच राहत. एखाद्या म्हातारीनं "इख तं नाई ना हे, भाऊ?" विचारलं, की बादलीत बोट बुडवून ते जिभेला लावायचे. "माणसाले काई होत नाई, माय. मच्छराले होते." मग बोट धोतराला पुसून पुन्हा पंप मारायला लागायचे.

गावाला त्या औषधाचं केवढं कौतुक! डासांचं जाऊ द्या, ढेकूण मेले हाच मोठा आनंद. बायका उरलेलं पाणी लोटाभर मागून नेत आणि पोरांच्या डोक्याला उवांसाठी चोळत. आमच्या हिनं तर ज्वारीच्या कणगीतच पावडर टाकली. त्या भाकरी मी, शाळेत आरोग्य शिकवणारा मास्तर, चवीनं खाल्ल्या.

गुलाबरावांच्या मिशा, भुवया, हात औषधानं पांढरेफटक. कोणाच्याही ओट्यावर बसून तशाच हातांनी भाकर मोडत. हात धुवा म्हटलं की चिडत. "सरकारी औषध हाये, गुर्जी. पान्यात काऊन घालवू?"

पुढे गावातल्या मांजरी मरू लागल्या. आधी थरथरायच्या, मग कोपऱ्यात पडून राहायच्या. मी गुलाबरावांना विचारलं. "मांजर आंग चाटते ना," एवढंच हा बोलका माणूस म्हणाला आणि उठून गेला.

त्या पावसाळ्यात खुद्द गुलाबरावांनाच हिवताप झाला. गाव पोट धरून हसलं. मी कोयनेल घेऊन त्यांच्या घरी गेलो. कामाचे कपडे दाराबाहेर खुंटीला होते. आत भिंतींवर औषधाचा एक ओघळ नव्हता. गुलाबराव घोंगडीखाली कुडकुडत होते आणि पायाशी एक तांबूस मांजर झोपली होती.

"अहो, साऱ्या गावात फवारलं, अन् तुमचंच घर राहिलं?"

"राह्यलं नाई, गुर्जी. ठेवलं." त्यांचे दात वाजत होते. "उद्या सायेब भिंती पाह्यले येते. कोरं घर दिसलं तं नोकरी जाईन. तुमी चुन्याचं पानी मारून द्या ना थोडं."

मला हसू आलं आणि लगेच वाईटही वाटलं. मी चुना कालवायला बसलो. गुलाबराव कसेबसे उठले, अंगावरची घोंगडी काढून त्यांनी मांजरीला गुंडाळलं आणि छातीशी धरलं.

"चुना सुकेपर्यंत धरून ठेवतो हिले," ते म्हणाले. "घरी आलो का माही वाट पाहून राह्यलेलं दुसरं कोन हाये?"