स्वर्गरथाची सोनेरी चाकं

"जेवण झालं, आता घडीभर आंग टाकाव म्हणतो," शेषराव खोलीच्या दारात उभा राहून म्हणाला.

पुष्पांजलीने मान वर केली नाही. पलंगावर त्याच्या झोपायच्या जागी ओव्हरलॉकचे शिलाई मशीन आडवे झाले होते आणि उशीच्या जागी अस्तराचे तागे होते.

"शटरात हाय ना तुमची लाडाची लाल. तिच्यापाशी पडा."

शटरची खोली खरे तर पुष्पांजलीच्या लेडीज टेलरिंगसाठी बांधली होती. पण महामार्गात जमिनीचा तुकडा गेला, मोबदला आला आणि जानेफळ गावातल्या ज्याने त्याने आपापल्या अकलेप्रमाणे त्याची वाट लावली. कुणी बोअर मारली, कुणी पोरीचे लग्न केले. शेषरावने संभाजीनगरहून जुनी, परदेशी, दोन सीटची लाल स्पोर्ट्स कार आणली. ती जमिनीला इतकी लागून होती की शाळेसमोरच्या गतिरोधकावर पहिल्याच दिवशी पोटावर बसली आणि चार जणांनी कडेवर घ्यावी तशी उचलून उतरवली.

मग शेषरावने तिची सोनेरी, बारीक काड्यांची चाके काढली आणि जीपसारखी काळी लोखंडी चाके आणि गलेलठ्ठ टायर बसवून घेतले. तेव्हापासून गाडी पुराच्या पाण्यातून धोतर वर धरून निघालेल्या माणसासारखी दिसू लागली. गतिरोधक ओलांडायची, पण बघणाऱ्याला हसू यायचे. शेवटी ती शटरात गेली आणि शेषराव तिच्या सीटवर झोपू लागला. सीट मागे जात नसे. गेले वर्षभर तो बसल्याबसल्याच झोपत होता.

"दिवाळीच्या आत शटर मोकळं करा," पुष्पांजली म्हणाली, "नाई तं मी मशिनी घेऊन चिखलीले माहेरी जातो. तिथं दुकान टाकतो. तुमी येऊ नका, तिथं गाडी ठेवाले जागा नाई."

ती हे रागाने म्हणाली असती तर शेषरावला झोप लागली असती. ती माप घेतल्यासारखे म्हणाली.

गाडी विकायला काढली होती, पण वर्षभरात गिऱ्हाईक म्हणून एकच माणूस लागला, पुण्याचे रवीसाहेब. त्यांनी व्हिडिओ कॉलवर गाडी पाहिली, रंग पाहिला, इंजिनाचा आवाज ऐकला, खूश झाले. मग म्हणाले, "मोबाइल जरा खाली घ्या."

"शेषराव, हे काय घातलंय तुम्ही तिला?"

"चाकं हायत, साहेब. लय मजबूत."

"अहो, पैठणीवर गमबूट घातल्यासारखं आहे हे! कंपनीनं या गाडीला दोन प्रकारची चाकं दिली होती. साधी चाकं असलेली गाडी कुणी फुकट नेत नाही. सोनेरी काड्यांची फार थोड्यांनी घेतली, तिच्यासाठी लोक वेडे होतात. इंजिन तेच, रंग तोच. फरक फक्त चाकांचा. ती असतील तर रविवारी येतो. नसतील तर फोन ठेवू या."

"हायत ना साहेब!" शेषराव ओरडलाच.

चाके होती. कुठे होती, हाच प्रश्न होता. गावात स्वर्गरथ होता, म्हणजे शेवटच्या प्रवासाची ढकलगाडी. तिची जुनी चाके इतकी कुरकुरायची की मागून रडणाऱ्यांचा आवाज ऐकू येत नसे. म्हणून वडिलांच्या वर्षश्राद्धाला शेषरावने ती सोनेरी चाके रथाला दान दिली होती. वेल्डिंगवाल्या धम्मरत्नने ती बसवली आणि रथावर ठळक अक्षरांत लिहिले, 'चाके: शेषराव यांजकडून'.

"मेलेल्याले सोन्याची चाकं," पुष्पांजली तेव्हा म्हणाली होती, "आन् जित्या बायकोले मशीन ठेवाले जागा नाई."

शेषराव धम्मरत्नकडे धावला.

"काढून देतो, भाऊ," धम्मरत्न म्हणाला. "पन तानुमायले कोन सांगन?"

हीच तर पंचाईत होती. सोनेरी चाके आली तेव्हापासून रथाची पत एकदम वाढली होती. आवाज नाही, हिसका नाही, उन्हात चाके अशी चमकायची की रस्त्यावरची माणसे हात जोडायच्या आधी वाकून चाके बघायची. आजूबाजूच्या गावांतूनही मागणी येऊ लागली. नव्वदी ओलांडलेल्या तानुमायने तर घरच्यांना बजावून ठेवले होते, "जाईन तं त्याच चाकायवर." आणि आठवडाभरापासून ती खाटेवर होती. पाहुणे जमले होते. तिने पाणीसुद्धा सोडले होते.

"दुसरी चाकं देतो ना रथाले," शेषराव काकुळतीला आला. "गाडीचीच. मजबूत हायत."

शनिवारी दुपारी अदलाबदल झाली. काळ्या चाकांवर रथ इतका उंच झाला की माणूस तिथूनच अर्धा स्वर्गात पोचला असता. इकडे लाल गाडी पुन्हा खाली बसली आणि अशी देखणी दिसली की शेषरावलाच ती विकाविशी वाटेना. पण पुष्पांजली शटरची रुंदी टेपने मोजत उभी होती.

संध्याकाळ व्हायच्या आत तानुमायचा मुलगा ज्ञानेश्वर दारात आला. चेहऱ्यावरून काही कळत नव्हते.

"गेली काय रे माय?" शेषरावने हळूच विचारले.

"जाते कशाची! बायको बोलता बोलता बोलून गेली, रथाची चाकं बदलली म्हनून. मायनं डोये उघडले. 'कोनती लावली?' म्हने. काळी म्हटलं तं उठून बसली. 'मंग मले नाई जायचं,' म्हने. आन् पिठलं-भाकर मांगतली. पाहुणे आता निंघून राह्यले. भाऊ, तुमचे पाय धराव का गचांडी, मले समजून नाई राह्यलं."

शेषरावलाही समजत नव्हते. त्याने पाय आणि मान, दोन्ही थोडे थोडे मागे घेतले.

रविवारी रवीसाहेब आले. चाके पाहताच रस्त्यातच गुडघ्यांवर बसले. एकेका काडीवरून बोट फिरवत राहिले. डोळ्यांत पाणी यायचेच बाकी होते. भोवती गाव जमले आणि गावाला खोटे बोलायची सवय नव्हती.

"एक ओरखडा नाही! काय, वापरली तरी आहेत का?"

"तं! पन एकदम हळू," ज्ञानेश्वर म्हणाला. "मानसाच्या चालीनं."

"खड्ड्यांत गेली असतील."

"खड्डा आला की समदे मिळून उचलून घेत."

रवीसाहेबांनी कौतुकाने सगळ्यांकडे पाहिले. "वा! याला म्हणतात जीव लावणं. आणि रोज काढत नसाल?"

"रोज कुठं! खास प्रसंगालेच," धम्मरत्न म्हणाला.

"बसणाऱ्याला त्रास? धक्के?"

"आजपावतर एकाचीबी तक्रार नाई आली."

"किती जणांनी वापरली?"

"लय जनायनं," ज्ञानेश्वर म्हणाला. "पन जो बसला, तो एकदाच बसला."

शेषरावने ज्ञानेश्वरला कोपराने ढोसले. रवीसाहेबांचा हात मात्र व्यवहार पक्का करायला पुढे आला होता. शेषरावने आपला पुढे केला. दोन हातांत वीतभर अंतर उरले, तेवढ्यात गर्दीतून काठी पुढे आली आणि सोनेरी चाकावर टेकली.

"हेच! हेच माह्ये चाकं!" तानुमाय म्हणाली.

"अरे वा, आजी, म्हणजे गाडी आधी तुमची होती?"

"गाडी कोनाले पायजे? मी या चाकायवर मसनात जानार होती. आठ दिवस अन्न-पानी सोडून तयार झाली होती. या शेष्यानं ऐन टायमाले रथाचे चाकं काढून हिले लावले!"

रवीसाहेबांनी आपल्या बोटांकडे पाहिले. मग चाकांकडे. मग पुन्हा बोटांकडे. खिशातून सॅनिटायझरची बाटली काढून ती जवळजवळ रिकामी केली, "घरी विचारून कळवतो," म्हणाले आणि त्यांची गाडी मेहकरच्या दिशेने अशी गेली की गतिरोधकावर तिचे पोट घासल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

शेषराव मटकन पायरीवर बसला. पुष्पांजलीने टेप गुंडाळली.

तानुमाय मात्र गाडीभोवती सावकाश एक फेरी मारत होती. तिने काचेला नाक लावून आत पाहिले. दार उघडायला लावले. सीटवर बसून पाहिले, पाठ टेकवली.

"हे सीट मांगं जात नाई काय?"

"नाई," शेषराव म्हणाला.

"जाऊ दे. मले बसूनच जायचं हाय. पडून पडून कटाळली मी." तिने शेजारच्या सीटवर थाप मारली. "हे सीट तुह्यं. चालवशीन तूच. रथ-बिथ काही नको, मी हिच्यातच जाईन. ज्ञान्या, ऐकलं काय? समद्यायनं ऐकलं काय?"

सगळ्यांनी ऐकले. म्हातारीचा शेवटचा शब्द गावासमोर पडला होता, आता गाडीला हात लावायची कुणाची छाती नव्हती.

पुष्पांजली पुढे झाली. तिने तानुमायच्या पायांवर डोके ठेवले आणि अगदी नम्रपणे विचारले, "माय, मंग... कवापर्यंत? म्हंजे मले दुकान टाकाचं होतं."

"घाई काय हाय, पोरी?" तानुमाय म्हणाली.

दिवाळीला पुष्पांजली मशिनी घेऊन चिखलीला गेली. पलंग मोकळा झाला, पण शेषरावला आता आडवे पडून झोप येईना. तो शटरातच झोपतो. उजाडले की काचेवर काठी वाजते.

"उठ बे शेष्या, चाकाले धूळ बसली. पुस!"

तो पुसतो. तानुमाय पायरीवर बसून बघते. येताना ती दोन भाकरी खाऊन येते. मागच्या महिन्यापासून काठी ती फक्त काचेवर वाजवायला आणते.