ज्याच्या हाती चमचा

“ऑफिसातली शिस्त घरात आणू नकोस गं. घरात हाक मारली की काम होतं,” असं सासूबाईंनी सिड्सेलला बजावलं होतं. तिने ते हसण्यावारी नेलं. बाळंतपणाची रजा संपवून ती डेन्मार्कमधल्या ऑर्हूसच्या ऑफिसात परतली, तेव्हा तिथे अजाइल पद्धत आली होती. रोज उभ्याने बैठक, भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या. त्याने कामं उरकतात की नुसती या रकान्यातून त्या रकान्यात सरकतात, यावर कँटीनमध्ये दोन तट होते. सिड्सेल उरकतात म्हणणाऱ्यांतली.

मग घरच्या फ्रिजवरही रकाने आले: ‘करायचं’, ‘चाललंय’, ‘झालं’. नवरा येप्पे आणि ती रोज फ्रिजसमोर उभे राहत. लाकडी चमचा ज्याच्या हातात, त्यानेच बोलायचं. आणि चिठ्ठी ‘झालं’मध्ये जायची ती दोघांच्या देखत, बैठकीतच.

त्या शनिवारी छोट्या विगाला नेहमीसारखं, तिकडच्या रीतीप्रमाणे, खाली अंगणात बाबागाडीत झोपवलं होतं. वर सिड्सेल चमचा नाचवत होती. “भांडी कधीची ‘चाललंय’मध्येच का? अडचण कशाची आहे, साबणाची की इच्छेची?”

येप्पेने बोट वर केलं.

“थांब रे, माझं व्हायचंय!”

एवढ्यात खिडकीवर टपोरे थेंब वाजले. तिची नजर फ्रिजकडे गेली. ‘विगाला वर आणणे’ अजून ‘चाललंय’मध्येच! ती चमच्यासकट जिना उतरत सुटली.

गाडीत नुसती दुलई होती.

तिच्या किंकाळीने अख्खी इमारत अंगणात आली. “पोलिसांना फोन लावा!” तिसऱ्या मजल्यावरची राग्नहिल्ड छत्री उघडत ओरडली. “चालते का गं ती?”

“रांगते!”

“मग लांब नाही गेली.”

तळमजल्यावरच्या प्रेबेनकाकांना कमी ऐकू येतं, पण धावपळ बघून ते काय ते समजले आणि बॅटरी घेऊन सायकलींच्या तळघरात शिरले. सिड्सेल झुडपांत हात घालत होती. डोळ्यांपुढे नाही नाही ते येत होतं.

तेवढ्यात येप्पे मोज्यांवरच खाली आला. “काय शोधताय सगळे?”

“विगा गाडीत नाहीये!”

“नसणारच. आभाळ भरून आलं तेव्हाच मी तिला वर आणून निजवलं. मला वाटलं, तू वाळत घातलेले कपडे काढायला पळालीस.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“चमचा तुझ्या हातात होता.”

सिड्सेल ओल्या पायरीवर मटकन बसली. आधी रडली, मग हसली. वर विगा मूठ तोंडात घालून गाढ झोपली होती. सिड्सेलने तिच्या नाकाशी बोट धरलं, काढलं, पुन्हा धरलं. मग सगळ्यांना कॉफी आणि दालचिनीचे रोल.

“थोतांड आहे ही पद्धत,” राग्नहिल्ड म्हणाली.

“का? काम तर वेळेत झालं होतं,” येप्पे म्हणाला.

“झालं होतं रे,” सिड्सेल म्हणाली, “कळलं नव्हतं.”

हसत, सुटकेचे सुस्कारे टाकत मंडळी आपापल्या घरी गेली. प्रेबेनकाकांना निरोप देण्याचं काम मात्र कोणाच्याच नावावर नव्हतं. वाचकहो, त्या बाजूला गेलात तर सायकलींच्या तळघरात जरा डोकावून या. पोर सापडली म्हणावं. आणि मोठ्याने सांगा.