आत्याचं कलम

दुभाष्याला आपल्या कामाचा भारी अभिमान होता. तो बायकोला नेहमी ऐकवायचा, की इतकी वर्षं हा धंदा केल्यावर कान आपोआप ऐकतात, तोंड आपोआप बोलतं आणि मधे डोकं लागतच नाही. वेळ आली तर तो झोपेतसुद्धा भाषांतर करील.

"मग एकदा झोपा तरी," बायको म्हणायची. "या घरात कुणीतरी झोपलेलं बघू दे मला."

त्यांची चार वर्षांची लेक झोपत नसे. डोळे मिटून गुपचूप पडायची आणि आईबापांची पाठ वळली की खुर्ची ओढून दाराची कडी काढायची, थेट जिन्यावर. ती ऐकायची फक्त दुभाष्याच्या आत्याचं. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेली, लग्नाच्या भानगडीत न पडलेली ही आत्या मागच्या खोलीत राहायची. ती रागवायची नाही, लाडीगोडीही लावायची नाही. दाराशी खुर्ची टाकून नुसती बसायची, आणि पोरगी निमूट झोपायची.

पण त्या आठवड्यात आत्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात होती. जागरणाची पाळी दुभाष्यावर आली, आणि नेमकी त्याच आठवड्यात एक मोठी परिषद भरली.

परिषद होती एआयवर. यंत्रं माणसापेक्षा हुशार झाली तर त्यांच्या नाकात वेसण कुणी घालायची, असा प्रश्न होता. काही देश म्हणत होते, सुरक्षित असल्याची खात्री पटेपर्यंत काम थांबवा. काही म्हणत होते, आम्ही थांबलो तर शेजारी पुढे जाईल. यंत्रं बनवणाऱ्या कंपन्यांची माणसं मागच्या रांगेत बसून सांगत होती, की लक्ष ठेवायचं काम आमच्याकडेच द्या. म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या. गाडी अडली होती एकाच जागी. उद्या यंत्रच म्हणालं, "मी सुरक्षित आहे, मला सोडा," तर ते खरं की खोटं हे ठरवणार कोण? असं झालं तर आणि तसं झालं तर, यापलीकडे कुणी सरकत नव्हतं. आत्याबाईला मिशा असत्या तर, अशातली गत.

जेवणानंतर एका लहानशा देशाचे म्हातारे प्रतिनिधी बोलायला उभे राहिले. त्यांची भाषा त्या इमारतीत दोघांनाच यायची, दुभाष्याला आणि त्याच्यासोबत पाळी करणाऱ्या जोडीदारणीला. हे दोघे काचेच्या खोलीतून जे बोलतील तेच बाकीचे दुभाषी ऐकणार आणि आपापल्या भाषेत पुढे ढकलणार. एका नळावर अख्ख्या गावाचं पाणी. जोडीदारणीला त्या दिवशी उचकी लागली. कुणीतरी आठवण काढली असेल म्हणून तिने सगळी नावं घेऊन पाहिली, शेवटी पाणी प्यायला बाहेर गेली.

काचेच्या खोलीत दुपारचं पिवळं ऊन साचलं होतं. कानात म्हाताऱ्यांचा आवाज काठाला होडी लागावी तसा हलकेच आपटत होता. पुढच्या वर्षीची परिषद आमच्या तळ्याकाठी भरवा, हवा छान असते, असं काहीसं ते सांगत होते. दुभाष्याने तळ्यापर्यंतचं भाषांतर केलं. मग सभागृहात खरोखरच पाणी भरू लागलं. टेबलं सुटून तरंगायला लागली, देशांच्या पाट्या कमळांसारख्या डुलल्या, आणि सगळं पाणी वळून त्याच्या घराच्या पॅसेजमध्ये शिरलं. तिथे जिन्याच्या दाराशी त्याची लेक उभी होती. तिचं डोकं छताला टेकलं होतं, पण झबलं तेच होतं आणि हातात तोच कान तुटलेला ससा होता. ती त्याच्याकडे वाकून इतकं गोड हसली, की त्याला तिची माया वाटली आणि भीतीही वाटली. तो बोलू लागला.

मायक्रोफोन चालूच होता.

"ती आपल्यापेक्षा उंच झाली आहे," जगभरच्या कानांत शांत आवाज उमटला, "पण चारच वर्षांची आहे, हे विसरू नका. ती म्हणेल, मी झोपले. विश्वास ठेवू नका; झोपलेलं माणूस बोलत नाही. कडी उंच लावा, आणि ती वाढेल तशी कडी वर सरकवा. तिला मारू नका. तिला भुलवू नका. दाराशी आत्याला बसवा. आत्या आईही नाही, बापही नाही. तिला हिचं कौतुक आहे, पण हिच्यावाचून तिचं काही अडत नाही. आत्या हो म्हणेपर्यंत जिना नाही."

मग त्याचं कपाळ मायक्रोफोनवर आपटलं. तो ठोका सगळ्यांना ठाम निर्धाराचा वाटला.

टाळ्यांनी त्याला जाग आली. सभागृह उभं होतं. म्हातारे प्रतिनिधी गोंधळून चारी दिशांना नमस्कार करत होते; आपलं तळं लोकांना एवढं आवडेल, असं त्यांना वाटलं नव्हतं. जोडीदारीण दारात उभी होती. तिची उचकी थांबली होती, आणि बहुधा श्वासही.

पुढे प्रश्न सुरू झाले. आत्या नेमायची की निवडून आणायची? एका भाषेत वडिलांची बहीण असं गेलं होतं. तिथल्या बाईंनी विचारलं, आईकडच्यांनी काय घोडं मारलंय, मावशीलाही घ्या. अध्यक्षबाई पूर्वी न्यायाधीश होत्या. त्यांनी म्हाताऱ्यांनाच खुलासा करायला सांगितलं, आणि तो प्रश्न म्हाताऱ्यांपर्यंत पोचवायचा होता दुभाष्याने.

खरं सांगावं तर नोकरी जाणार. काय विचारावं हे न सुचून त्याने म्हाताऱ्यांच्या भाषेत एवढंच विचारलं, की सभागृहाला जाणून घ्यायचंय, तुम्हाला आत्या होती का?

म्हाताऱ्यांनी हातातलं टिपण बाजूला ठेवलं. परिषद सुरू झाल्यापासून कुणी त्यांना काही विचारलं नव्हतं. मग ते आपल्या आत्याबद्दल बोलू लागले. सगळं गाव तिला कसं वचकून असे, ती कुणाचा एक पैसा घेत नसे, तिच्यासमोर खोटं बोलताना जीभ कशी जड व्हायची. दुभाष्याने या वेळी अक्षरन् अक्षर भाषांतर केलं. मोठमोठ्या देशांची माणसं खिडकीबाहेर बघू लागली. प्रत्येकाला आपापलं कुणीतरी आठवलं असावं. संध्याकाळपर्यंत सगळ्यांचं एकमत झालं: यंत्र बनवणारा नाही, वापरणाराही नाही, ज्याचं त्या यंत्रावाचून अडत नाही, अशा कुणीतरी हो म्हटल्याशिवाय पुढची पायरी नाही. मसुद्यात सरळ शब्द पडला, आत्या.

जगाचं भवितव्य आपल्या डुलकीवर उभं राहिलंय, हे मात्र दुभाष्याला सोसेना. सगळे उठल्यावर तो अध्यक्षबाईंकडे गेला आणि तळं, जागरण, झोप, सगळं सांगून मोकळा झाला. बाईंनी चष्मा पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढून पुसला.

"मुलगी आता झोपते का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"माझा मुलगाही झोपत नसे." एवढं म्हणून त्यांनी त्याला घरी पाठवलं.

नोकरी वाचली. पण बाई नियमाच्या पक्क्या. सकाळी त्यांनी जाहीर केलं, की भाषांतरात चूक झाली होती, अर्थ तोच ठेवून 'आत्या'ऐवजी 'सक्षम प्राधिकरण' असं वाचावं. मग काय, आत्या म्हटल्यावर दाराशी खुर्ची टाकून बसलेली बाई दिसत होती. सक्षम प्राधिकरण म्हटल्यावर प्रत्येकाला त्या खुर्चीत स्वतःच दिसायला लागला. दुपारपर्यंत आवाज चढले, दोन देश उठून गेले. शेवटी ठरलं ते एवढंच, की पुढच्या वर्षी तळ्याकाठी पुन्हा भेटायचं.

दुभाषी घरी आला तेव्हा आत्या दवाखान्यातून परतली होती. एका डोळ्यावर पट्टी, मांडीवर पोरगी गाढ झोपलेली. त्याने हळू आवाजात सगळी हकीकत सांगितली. एक अख्खी संध्याकाळ सगळं जग तुझ्यावर विसंबलं होतं, असंही सांगितलं. त्याला वाटलं, आत्या हरखून जाईल.

आत्याने उघड्या डोळ्याने त्याच्याकडे पाहिलं.

"सगळ्या जगाची यंत्रं मी एकटीने सांभाळायची," ती म्हणाली, "आणि तुम्ही सगळे कुठे निघाला होतात?"

दुभाष्याला सहा भाषा येत होत्या. त्याने सवयीने हात कानाकडे नेला; हेडफोन तिथे नव्हता.

"राहू दे," आत्या म्हणाली. "आधी हात धू आणि माझ्या डोळ्यात थेंब घाल."