मल्लिनाथआण्णांचा टॉवेल

मल्लिनाथआण्णा आकडा तोंडानं बोलत नाहीत. कुठलाच. उभा जन्म शेळीबाजारात दलाली केलेला माणूस. खांद्यावरचा टॉवेल समोरच्याच्या हातावर टाकायचा, आत बोटं दाबायची, की भाव कळवला. ही सवय बाजारापुरती राहिली असती तर मी लिहायला बसलो नसतो. पण आण्णा चहा किती सांगायचा तेही टॉवेलाखालीच सांगतात. तुळजापूरच्या एसटीत कंडक्टरनं "किती?" विचारलं की त्याच्याही हातावर टॉवेल. "आण्णा, तिकीट द्यायलोय, बोकड न्हाय!" तो ओरडतो.

एकदा पेन्शनच्या अर्जासाठी कारकुनानं वय विचारलं. आण्णांनी टॉवेल पसरला. कारकुनानं इकडंतिकडं बघितलं, लगबगीनं हात आत घातला आणि बराच वेळ चाचपून म्हणाला, "हे काय?"

"वय," आण्णा म्हणाले.

अर्ज अजून तिथंच पडलाय.

माझं-त्यांचं भांडण याच टॉवेलावरून. आम्ही पोरांनी पत्रकं काढली होती: भाव उघड करा, लिलाव उघड करा! एक आण्णांच्या हातात कोंबलं आणि म्हणालो, "झाकून सौदा करणं म्हंजे गरिबाची लूट हाय, आण्णा."

"लूट व्हती की कदीमदी," आण्णा म्हणाले. "पर नडलेला माणूस कमी भावात देतो, बाळ. ते त्येच्या पावण्यारावळ्यापुढं वरडून कशाला सांगायचं?"

मला ते पटलं नाही. आजही पटत नाही.

शेवटी बाजार समितीनं उघड लिलाव आणला. कसा आणला ते ऐका. पत्र्याची नवी शेड. भिंतीवर दिव्यांचा फलक, त्यावर भावाच्या आकड्यापेक्षा मोठा अध्यक्षांचा फोटो. आणि खाली बारीक अक्षरात अट: बोली फक्त परवानाधारक व्यापाऱ्यानंच लावायची. परवाने मिळाले चौघांना. चौघंही संचालकांचे सोयरे. सकाळी एकाच गाडीतून उतरतात, एकाच टपरीवर चहा पितात आणि शेडमध्ये येऊन एकमेकांवर बोली चढवल्याचं नाटक करतात. पूर्वी टॉवेलाखाली कुणीही हात घालू शकत होतं. आता समिती म्हणते बाजार खुला झाला, आणि आत कुणाला सोडायचं तेही समितीच ठरवते. याला खुला बाजार म्हणायला लाज कशी वाटत नाही?

त्या शेडमध्ये एका रविवारी सुभद्राबाई आल्या. नवरा वारलेला, घरात एकच शेळी, तीही गाभण. पोरीला नर्सिंगसाठी सोलापूरला धाडायचं म्हणून विकायला काढलेली. पहिली बोली ऐकून मागची माणसं हसली. दुसऱ्यानं त्यावर उगं जरासं चढवलं. उरलेले दोघं मोबाईल बघत बसले. फलकावर आकडा पेटला, सगळ्या बाजारानं वाचला. बाईंनी पदर तोंडाला लावला.

तेवढ्यात मागून कुणीतरी त्याच्या दुप्पट आकडा ओरडलं. आवाज चिरका, कधी न वापरलेला. वळून बघतो तर आण्णा. कानापर्यंत लाल झालेले.

सचिवांनी माईकवरून विचारलं, "परवाना हाय का?"

"न्हाय."

"मग बोली बाद."

"शेळी परवाना बगून दूध देती व्हय, सायेब?"

शेड हसली. बोली बाद ती बादच.

बाईंनी फलकावरचा भाव नाकारून शेळी सोडवली आणि फाटकाबाहेर आल्या. मागोमाग आण्णा. रस्त्यावरच त्यांनी बाईंच्या हातावर टॉवेल टाकला. आत काय ठरलं ते मला माहीत नाही. बाईंनी मान हलवली, एवढं दिसलं. समितीच्या माणसालाही दिसलं. आवाराबाहेर सौदा केला म्हणून आण्णांचा दलालीचा बिल्ला जप्त झाला आणि बाजार त्यांना कायमचा बंद. ते चौघं त्याच गाडीतून हसत घरी गेले.

"मोर्चा काढू, आण्णा," मी म्हणालो. पत्रक डोक्यात तयारच होतं.

"काडा. माजं नाव घालू नका. बाईचं तर बिलकूल न्हाय."

शेळी आण्णांनी घरी नेलीच नाही. बाईंकडंच ठेवली, अर्धलीनं: शेळी आण्णांची, सांभाळ बाईंचा, करडं निम्मीनिम्मी. पोरगी सोलापूरला गेली. शेळीला दोन करडं झाली. वाटणीचं करडूही आण्णा नेईनात. रोज दुपारी मात्र तिकडं जातात. "माजी शेळी हाय, बगाय नको व्हय?" म्हणतात.

परवा मोर्चाचं सांगायला मी त्यांना शोधत तिथं गेलो. आण्णा गोठ्यात करडू मांडीवर घेऊन कन्नडमध्ये काहीतरी सांगत होते. सलग, खालच्या आवाजात, मध्येच हसत. इतकं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. हाक मारणार, तोच सुभद्राबाईंनी हातानं थांबवलं.

"बोलू द्या. मालकीण गेल्यापासनं घरात कन्नड बोलाय कुणी न्हाय त्येंच्या."

"काय सांगतेत?"

"मला कुटं कळतंय? मधीच पार्वती, पार्वती म्हंतेत. मालकिणीचं नाव व्हतं ते." बाईंनी घागर कमरेवर घेतली. "चला, तुमी बी भाईर या. ह्या वक्ताला मी पाण्याला जात असते."

मी त्यांच्या मागं निघालो. घागर काठोकाठ भरलेली होती.