मगदूम बाईंची शिट्टी

२०२३ सालची गोष्ट. पर्युषण पर्वातला रविवार होता. पद्मावती मगदूम यांना तो दिवस पक्का आठवतो, कारण त्या दिवशी त्यांच्या हातून तीस माणसं मेली!

त्याआधी पंधराच मिनिटं त्या म्हणाल्या होत्या, "अवो, मुरगूडच्या शाळेत साठ-साठ पोरांचे दोन वर्ग मी एकदम सांभाळलेत. तुमची तीस माणसांची पलटण दहा मिनिटं सांभाळायला काय विशेष हाय?"

पलटण कॉम्प्युटरमधली. यजमान तात्यासो निवृत्त झाले ते सहा महिने खिडकीत बसून कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या रिक्षा बघत राहिले. मग खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरनं, यशराजनं, त्यांना या नादाला लावलं. शंभर वर्षांपूर्वीच्या महायुद्धाचा खेळ. इकडं खंदक, तिकडं खंदक, मध्ये चिखल आणि काटेरी तार. आपापल्या घरी बसून एका कप्तानाच्या हाताखाली तीस माणसं या बाजूनं खेळणार, तीस त्या बाजूनं, आणि सगळी माईकवर बोलणार. एक गोळी लागली की माणूस डाव संपेपर्यंत मेला. महिन्याभरात तात्यासोंची पाठ ताठ झाली. पुढं ते पलटणीचे कप्तान झाले. उभ्या जन्मात त्यांना कुणी कशाचा कप्तान केलं नव्हतं. आणि सांगलीकरांशी अंतिम सामना आला तो नेमका पर्युषणात!

"पर्युषणात बंदूक?" बाई कडाडल्या.

"बंदूक कुठं हाय? कप्तान नुस्ती शिट्टी वाजवतो. शिट्टी झाली की माणसं वर चढून हल्ला करत्यात. मी एक गोळी झाडत न्हाय!"

"कृत, कारित, अनुमोदना! आपण करा, दुसऱ्याकडनं करवा, न्हायतर केलेल्याला मान डोलवा, पाप सारखंच. पाठशाळेत काय झोपला होतासा?"

तात्यासो खुर्चीतून उठले नाहीत.

सामना पाचचा, सांगलीत वीज गेली म्हणून सहाला सुरू झाला. सूर्यास्त साडेसहाला. एकदा सूर्य बुडाला की सकाळपर्यंत अन्न नाही, पाणी नाही. तात्यासो सकाळी दहाला जेवलेले, आणि आदल्याच आठवड्यात चक्कर येऊन पायरीवर बसलेले. सव्वासहाला बाईंनी ताट वाढलं आणि हेडफोन त्यांच्या डोक्यावरून काढून आपल्या डोक्यावर चढवला.

"बोलायला हे बटण, शिट्टीला हे," तात्यासो काकुळतीनं म्हणाले. "सहा पंचवीसला डॉक्टर धूर सोडणार, त्याच्या आडून हल्ला. तवर कुणी डोकं वर काढायचं न्हाय. मी दहा मिनिटांत आलोच. तू कशाला हात लावू नकोस!"

"जेवा जावा आधी!"

बाईंनी पडद्यावर पाहिलं. गुडघाभर चिखल, आणि चिखलातून काहीतरी पळालं.

"डॉक्टर! उंदीर हाईत की इथं! साफसफाई कुणाकडं हाय?"

"काकी, ते खेळातले हाईत!"

"खेळातले असले म्हणून काय झालं? माणसं राहतात न्हवं इथं?"

झालं! बाईमाणसाचा आवाज ऐकून सगळा खंदक बोलायला लागला. "तात्या कुठं गेले?" "ह्या कोण?" "काकी, माझ्या गोळ्या संपल्या!" "काकी, मला डावीकडं एकजण दिसतोय, मारू का?" कुणीतरी माईक तोंडाशी धरून चिवडा खात होतं, ते कानात गिरणी चालल्यासारखं वाजत होतं.

"एका वेळी एकानं! गप्प बसा!"

कोण ऐकतंय? बाईंचं डोकं गरगरलं. छत्तीस वर्षांत वर्ग असा माजला की बाई एकच गोष्ट करत. एक लांब शिट्टी! मुरगूडच्या मैदानावर त्या शिट्टीला चिमण्यासुद्धा गप्प होत. हात आपोआप शिट्टीच्या बटणावर गेला.

बाईंनी शिट्टी मारली.

गोंगाट थांबला, अगदी क्षणभर. मग "चला रं!" अशी आरोळी उठली आणि तीसच्या तीस माणसं शिड्या चढून खंदकाबाहेर पडली!

"अरे, निघाला कुठं? मी गप्प बसायला सांगितलं! परत फिरा! रांगेत!"

निम्मे पुढं धावले, निम्मे आज्ञाधारक होते ते परत वळले. सांगलीकरांची मशीनगन भडभुंज्याच्या कढईसारखी फुटायला लागली.

"काकी, धूर अजून माझ्या हातातच हाय!" एवढं बोलून डॉक्टर यशराज मेला.

गोळीबार थांबला. खेळात खऱ्यासारखंच, मोठ्यानं ओरडलेलं समोरच्या खंदकातही ऐकू जातं. तिकडून एक चाचरता आवाज आला.

"मगदूम बाई? मुरगूडच्या?"

"कोण रे तू?"

"उदयसिंह, बाई. सहावी ब. आता सांगलीत असतो, बँकेत."

"मग माझ्या माणसांना कशाला मारलंस?"

"बाई, तुम्हीच पाठिवलासा की!"

बाईंचं ओरडणं ऐकून तात्यासो उष्ट्या हातानं धावत आले होते. पडद्यावर चिखलात त्यांची अख्खी पलटण आडवी होती आणि सांगलीकर खंदकावर झेंडा रोवत होते. घड्याळात सहा एकतीस. ताटातली भाकरी दोन घास मोडलेली. तात्यासोंनी ताटाकडं पाहिलं, पडद्याकडं पाहिलं आणि बाईंच्या शेजारी स्टुलावर बसले.

"कृत न्हाय," ते शांतपणे म्हणाले. "कारित."

बाईंनी हेडफोन काढला आणि हळूच टेबलावर ठेवला.

तात्यासो रात्रभर उपाशी राहिले. दुसऱ्या दिवशी बाईंनी प्रायश्चित्त म्हणून निर्जळी उपवास केला. पर्व संपल्यावर क्षमावाणीचा दिवस आला. त्या दिवशी एकमेकांची क्षमा मागायची रीत. बाईंनी स्वतःहून हेडफोन घातला. "तीसही जणांना बोलवा. हजेरी घेते. ज्याचं त्याचं नाव घेऊन क्षमा मागायची हाय."

"यशराज!"

"हजर, काकी!"

असे तीस झाले. शेवटी न बोलावलेला एक आवाज आला. "उदयसिंह, हजर बाई."

"तुझी कशाला मागू? तू तर मारलंस."

"म्हणूनच आलोय की, बाई. मीच मागतो."

पुढं उदयसिंहाची बदली कोल्हापूरला झाली आणि तो याच पलटणीत आला. यशराजनं लग्न केलं आणि खेळ सोडला. दोन्ही एकाच आठवड्यात. तात्यासोंनी कप्तानपद सोडलं. आता ते स्ट्रेचर घेऊन पडलेली माणसं उचलून आणतात, दोन्हीकडची. चक्कर पुन्हा आली नाही.

नवा कप्तान पलटणीनं एकमतानं निवडला. कप्तानाच्या अटी दोनच: सामना पाचच्या आत संपला पाहिजे आणि माईकवर चिवडा खायचा नाही. आपण शिस्तीपुरत्याच बसतो, असं बाई शेजारणींना सांगतात. ते खरंही असावं, कारण शिट्टीच्या बटणावर तात्यासोंनी चिकटपट्टी लावून ठेवली आहे.