डेलमरने जोडी घेतली नाही

सेज क्रीकमध्ये पारखी माणूस एकच, डेलमर विगिन्स. हे डेलमरने स्वतःच ठरवलेलं असल्यामुळे त्यात वाद नव्हता. एकतीस वर्षं त्याने विमा कंपनीसाठी गारपिटीचं नुकसान मोजलं होतं. छपरावरचा खळगा बघून गार अक्रोडाएवढी होती की लिंबाएवढी, हे तो शिडीवर न चढता सांगे. असा माणूस रिव्हॉल्वर निवडताना चुकेल कसा?

रिव्हॉल्वर हवं होतं गावच्या नेमबाज मंडळासाठी. महिन्यातल्या एका रविवारी ही मंडळी जुन्या काउबॉयांचा वेश करून लोखंडी ताटल्यांवर बार उडवत. हत्यारही जुन्या चालीचं लागे. दर गोळीला अंगठ्याने घोडा मागे ओढायचा, मगच चाप दाबायचा. शिवाय खऱ्या नावाने उभं राहायला बंदी, टोपणनाव घ्यायचं. डेलमरने सहा महिने वाचन केलं, एक वही भरली आणि नाव घेतलं ‘माळावरचं वादळ’.

पैसे मात्र बायकोच्या शेगडीसाठी ठेवलेले होते. नऊशे डॉलर. घरातल्या शेगडीचा एक बर्नर कायमचा विझला होता आणि खालच्या भट्टीचं दार तारेने बांधावं लागे.

“घे,” व्हर्ना म्हणाली. “पण गावाच्या स्थापनादिनाच्या सामन्यात त्या रिव्हॉल्वरने निम्म्या ताटल्या तरी वाजव. नाही वाजल्या तर ते विकायचं, आणि थँक्सगिव्हिंगच्या सणाची टर्की नव्या भट्टीत भाजायची.”

“निम्म्या? व्हर्ना, तू माझं नाव ऐकलंस ना?”

“ऐकलं. बघू, पाऊस पडतो का.”

दुकान ओडेसा प्रुइटबाईंचं. वय अठ्ठ्याहत्तर, चष्मा दोरीला. त्यांनी आधी रिव्हॉल्वर दाखवलं नाही, डेलमरचा हात मागितला. आंबोळी उलटावी तसा तो उलटासुलटा करून बघितला.

“हात लहान आहे रे बाळा. तुला नळी आखूड हवी, मूठ बारीक, काडतूस हलकं. ही साधी दोन घे. जोडी नऊशेत बसते.”

डेलमर गालात हसला. “बाई, एकाचं गिऱ्हाईक आलं की त्याच्या गळ्यात दोन मारायची, ही युक्ती मी कौलं विकणाऱ्यांकडे फार बघितलीय.”

“अरे, पण सामन्यात—”

“सामन्याचं मी बघतो.”

ओडेसाबाईंनी कपाट उघडून दिलं. विचारायला आलेला माणूस आणि सांगायला आलेला माणूस त्यांना उंबरठ्यावरच्या पावलावरून ओळखू येई.

डेलमरने निवडलं ते दुकानातलं सगळ्यात लांब नळीचं, सगळ्यात जाड गोळीचं. तळ्यावर सांज उतरावी तसं निळंकाळं पोलाद, चांदण्यात धुऊन वाळवल्यासारखी पांढरी मूठ. त्यावर ‘माळावरचं वादळ’ असं कोरून घेतलं, आणि शेगडी पुरती संपली. घरी तो खुर्चीत बसायला गेला की नळी आधी बसे, मग तो.

स्थापनादिन उजाडला. गोळ्या भरायच्या टेबलाशी तपासणीला ओडेसाबाईच होत्या. पुढच्या प्रत्येकाने दोन-दोन रिव्हॉल्वरं ठेवली. डेलमरने एक ठेवलं.

“दुसरं कुठंय?” बाईंनी विचारलं.

“दुसरं कसलं?”

“एकाने पाच बार, दुसऱ्याने पाच. आमच्याकडे पहिल्यापासून असंच आहे. तुझ्या वहीत नव्हतं?”

वहीत पोलादाचे चौदा प्रकार होते. हे नव्हतं.

मागून एफ्रम टपालवाला म्हणाला, “वादळ हप्त्याहप्त्याने येणार वाटतं.” रांग खो-खो हसली. ओडेसाबाईंनी आपलं एक जुनं रिव्हॉल्वर पुढे सरकवलं. त्याची मूठ वापरून वापरून नदीतल्या गोट्यासारखी गुळगुळीत झाली होती.

डेलमरने आधी स्वतःचं उपसलं. अंगठा घोड्यापर्यंत पोचेना. शेवटी डाव्या हाताने, अडलेल्या गाईचं वासरू ओढावं तसा त्याने तो ओढला. बार झाला. नळी आभाळाकडे, टोपी मातीत, ताटली जागच्या जागी. पाचही गोळ्या मागच्या टेकडीला लागल्या. वेळ मोजणाऱ्याने मध्येच सँडविच सोडलं, खाल्लं आणि कागद घडी करून ठेवला.

मग ओडेसाबाईंचं. टण्, टण्, टण्, टण्, टण्. लोहाराच्या घरी सकाळ व्हावी तसं.

“वाजल्या की निम्म्या,” डेलमर व्हर्नाला म्हणाला.

“वाजल्या. ओडेसाच्या रिव्हॉल्वरने.”

दुसऱ्याच दिवशी वादळ विक्रीसाठी दुकानाच्या काचेत जाऊन बसलं. किंमत नऊशे. सप्टेंबर गेला, ऑक्टोबर गेला. दुसऱ्याचं नाव कोरलेलं हत्यार कोण घेणार? डेलमर रोज जाऊन बघून येई, दवाखान्यातल्या नातेवाइकाला बघावं तसं.

नोव्हेंबरात डेलमर असाच दुकानात उभा असताना एक नवा माणूस आत शिरला. शहरातून नुकताच राहायला आलेला दातांचा डॉक्टर. करकरीत बूट, नाजूक हात, काखेत वही.

“हात दाखव बाळा,” ओडेसाबाई म्हणाल्या. “हं. तू साधी जोडी घे. सामन्यात—”

डॉक्टरने डेलमरकडे बघून डोळा मारला. “बघा, एकाला आलो तर दोन देतायत.” मग त्याची नजर काचेवर गेली. “हे माळावरचं वादळ कोण हो?”

डेलमरने बाहेर बघितलं. गाडीत व्हर्ना बसली होती. तिच्या मांडीवर शेगड्यांचा कॅटलॉग होता आणि एका पानाचा कोपरा दुमडलेला होता.

“होता एक नेमबाज,” डेलमर म्हणाला. “त्याच्यासारखा बार अजून कोणी उडवला नाही म्हणतात.”

“मला शोभेल?”

“तुमच्याच हातासाठी घडवल्यासारखं आहे.”

ओडेसाबाईंनी चष्म्यावरून डेलमरकडे फक्त बघितलं आणि पावतीपुस्तक काढलं.

त्या वर्षी टर्की चारी अंगांनी सारखी भाजली. डेलमरने दोनदा वाढून घेतली. मग तो ताटात बघत व्हर्नाला म्हणाला, की पुढचे काही रविवार आपण मंडळाकडे न जाता तिच्या आईकडे गेलो, तर किती बरं होईल.