देवकाते सरांचं बूच

आमचे देवकाते सर लग्नाच्या मांडवातही थंड पेयाच्या बाटलीवर अंगठा दाबून बसत. एक घोट घेतला, की पुन्हा अंगठा. कुणी हसलंच तर म्हणत, ‘हवा लागंल!’

बारामतीच्या कॉलेजात ते आम्हाला एम.एस्सी.ला रसायनशास्त्र शिकवत. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस एक नवी पद्धत आली होती. पॉलिमरच्या, म्हणजे प्लास्टिकसारख्या पदार्थांच्या, साखळ्या हव्या तेवढ्याच लांब वाढवायच्या. सरांना तिचं वेडच लागलं. त्यांचे वडील इंदापूरकडं मेंढरं राखायचे, त्यामुळं शिकवणंही त्याच वळणाचं. ‘दांडगं कोकरू सगळं दूध पिऊन टाकतं. म्हणून त्याला जरा बांधायचं, दुसऱ्याला सोडायचं. मग सगळी सारखी भरत्यात. साखळ्यांचंबी तसंच हाय.’ मात्र हवेतला ऑक्सिजन आत शिरला, की खेळ खलास. म्हणून नायट्रोजन सोडून हवा हाकलायची आणि रबरी बूच घट्ट बसवायचं. भर उन्हाळ्यात सर पंखासुद्धा लावू देत नसत. पंख्याचा बुचाशी काय संबंध, हे विचारायची आमची टाप नव्हती.

पुण्याला मला संशोधनासाठी जागा हवी होती आणि मुलाखतीत असा एक नमुना दाखवायचा होता. प्रयोग लावला, आणि नेमके माझे वडील, आबा, कोऱ्हाळ्याहून भेटायला आले. आबा म्हणजे गूळ करण्यात पंचक्रोशीत नावाजलेले. मी पाणी आणायला वळले, तेवढ्यात त्यांनी गुऱ्हाळातल्या सवयीनं बूच काढून वास घेतला.

‘पाक आजून आला न्हाय,’ त्यांनी निकाल दिला.

तपकिरी मिश्रण बघता बघता हिरवं पडलं. मला रडू फुटलं. सर दारातच उभे होते. आता आबांचं काही खरं नव्हतं.

‘बरुबर वळखलंत आबा,’ सर म्हणाले. ‘कच्चंच हाय. पुन्यांदा लावतो.’

नायट्रोजनचं एकच सिलिंडर उरलं होतं. ते सरांनी स्वतःच्या पीएच.डी.च्या शेवटच्या प्रयोगासाठी राखून ठेवलेलं. नवं कधी येईल, कुणालाच ठाऊक नव्हतं. आबांना चहा पाजून एसटीत बसवलं आणि सरांनी ते माझ्यासाठी उघडलं. मी नको नको म्हणत राहिले.

‘तुझी मुलाखत थांबायची न्हाय. माझं थांबंल,’ एवढंच बोलले.

मला जागा मिळाली. पुढं जे काही झालं, ते सगळं सरांच्या कृपेनं. त्यांची पीएच.डी. मात्र मागं पडली ती पडलीच. आबांना यातलं काही कळू द्यायचं नाही, अशी त्यांनी मला शपथ घातली होती. त्यामुळं आबा शेवटपर्यंत गावभर सांगत राहिले, ‘पोरीचा पाक कच्चा व्हता. म्या वासावर वळखला, म्हून निभावलं.’

सर समोर असले, तर मान डोलवत. ‘व्हय,’ म्हणत, ‘आबा व्हते म्हून.’